हॉलच्या भिंतीवरची ओल

आमच्या हर्सूलच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. पाच-सहा दिवसांनी येतं, कधी आठवडा उलटून जातो. त्यामुळं पाणी येतं त्या दिवशी घरात जेवढी म्हणून यंत्रं आहेत तेवढी सगळी चालतात. मोटर लागते, टाकी भरते, वॉशिंग मशीनमध्ये साठलेल्या कपड्यांचे तीन-तीन घाणे निघतात, फिल्टर दिवसभर चालून कळश्या, पातेली, बाटल्या भरून देतो, उन्हाळा असेल तर कूलर भरला जातो. दुसऱ्या दिवशी घर पुन्हा कोरडं.

हे सांगायचं कारण असं की, पुण्यात माझ्या बहिणीच्या घरी मशीन गळलं तर मशीनखाली पाणी दिसतं आणि मशीन गळतंय हे तिला कळतं. आमच्याकडं भिंत ओली झाली की ती कशानं झाली हे सांगता येत नाही, कारण त्या दिवशी सगळंच चाललेलं असतं. आणि एक-एक बंद ठेवून बघायचं म्हटलं तर पुढचं पाणी येईपर्यंत वाट बघावी लागते.

आमचं घर दोन मजली आहे. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. सासरे आमच्याकडं वर असायचे. मी त्यांना मामा म्हणायची. स्वयंपाक दोन झाले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पाणी एकच होतं. नळ एक, अंगणातला हौद एक, मोटर एक, गच्चीवरची टाकी एक. पाण्याच्या दिवशी मी आणि जाऊबाई मिळूनच सगळं उरकायचो. ती खाली हौदाजवळ, मी वर. तिनं खालून ओरडायचं, "बस का गं?" आणि मी वरून सांगायचं, "अजून थोडं, ताई." भांडणं व्हायची नाहीत असं नाही. पण पाण्याच्या दिवशी भांडायला सवड नसायची, आणि पुढच्या पाण्यापर्यंत ती विसरलेली असायची. सख्ख्या बहिणीशी माझं एवढं बोलणं होत नाही जेवढं हिच्याशी व्हायचं. ती अजिंठ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली, तोंडानं सडेतोड. मला तेच बरं वाटायचं. मनात काय आहे ते शोधत बसावं लागत नाही.

त्या वर्षी तिच्या मुलीचं ठरलं. साखरपुडा मे महिन्यात. दिरांचं म्हणणं होतं की बाहेर हॉल भाड्यानं घेऊ. जाऊबाईनं साफ सांगितलं की घरातच करायचा.

"लग्न त्यांच्या दारात व्हणार," ती म्हणाली. "एक कार्यक्रम तरी माझ्या घरात व्हऊ द्या. पोरगी इथं पाय टाकायला शिकली."

त्यावर दिरांनी तो विषय सोडला. हॉलमधला सोफा बाहेर काढायचा, मधली बैठक मांडायची, खिडकीच्या भिंतीला मखमली पडदा लावून पुढं मुलगा-मुलगी बसवायचे, असं तिनं मनात सगळं मांडून ठेवलेलं होतं.

आणि त्याच भिंतीला ओल आली.

खिडकीच्या वरच्या बाजूला आधी हाताच्या पंजाएवढा डाग होता. मग तो खाली उतरला, रंगाला फुगे आले, पोपडे पडायला लागले. बोटानं दाबलं तर भुगा हातात यायचा. वर बरोबर त्याच बाजूला आमची मोरी, तिथं मशीन. मोरीला लागून स्वयंपाकघराचा ओटा, तिथं फिल्टर. पलीकडं मामांची खोली आणि त्यांच्या खिडकीबाहेर, हॉलच्या खिडकीच्या छज्ज्यावर स्टँड ठेवून त्यावर कूलर. टाकीचा पाइप त्याच बाजूनं उतरत असल्यामुळं पाण्याचं सगळं त्या बाजूला आलं होतं.

मी दवाखान्यात रिसेप्शनला असते, उस्मानपुऱ्यात. दिवसभर लोकांना रांगेत बसवायचं काम. घरातही मी तसंच करते. कुठलंही काम समोर आलं की आधी त्याच्या पायऱ्या पाडायच्या. मी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मशीन पुढं ओढलं, मागचं झाकण काढलं, पाणी आत घेणाऱ्या नळीचा वॉशर बदलला, बाहेर सोडणारी नळी वाकवून बघितली.

"मशीनमध्ये तर काही दिसत नाय, मॅडम," तो म्हणाला. "पण मशीन लई जुनं झालंय. नवीन घेऊन टाका."

मशीनमध्ये काही नाही तर नवं कशाला, असं मी विचारलं. त्यानं पाने-पक्कड पिशवीत भरली. फिल्टरची नळी मीच तपासली. जोडाला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला, सकाळी काढून बघितला. कोरडा. फ्रिजच्या मागच्या ट्रेमधलं पाणी काढून टाकलं. कूलरवर शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. होळी झाल्याबरोबर माझ्या नवऱ्यानं त्याला नवं गवत बसवलं होतं आणि आतून टाकीला डांबराचा हात दिला होता. टाकी कुठं गळत नव्हती. मी खाली वाकून बघितलं होतं.

मग जाऊबाईनं आणि मी ठरवलं की येत्या पाण्याला मशीन लावायचंच नाही. बाकी सगळं चालू द्यायचं. भिंत कोरडी राहिली तर मशीन, ओली झाली तर दुसरं काहीतरी. त्या आठवड्यात आमच्याकडं कपड्यांचा ढीग झाला. मुलाचे युनिफॉर्म मी हातानं धुतले, बादलीत, आणि ते पाणी खाली न सोडता संडासला वापरलं.

पाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. जाऊबाई भिंतीपुढं उभी होती. डाग आणखी दोन बोटं खाली सरकला होता.

"लावली नव्हती ना मशीन?" तिनं विचारलं.

"नाही."

"खरं?"

"ताई, मी कशाला खोटं सांगू?"

"नाय, मला आवाज आल्यासारखा झाला वरून. घुंऽऽ करून."

तो आवाज कूलरच्या पंपाचा होता. पण त्या क्षणी ते मलाही सुचलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "तू म्हणती तर नसलच लावली." त्यावर ती खरंच थांबली. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. हे मी मुद्दाम लिहितेय.

पुढच्या पाण्याला फिल्टर बंद ठेवायचं ठरलं होतं. त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली. उन्हं वर आली होती. मी मामांच्या खोलीत चादरी गोळा करायला गेले आणि खिडकीतून बघितलं. मामा खोलीबाहेरच्या गॅलरीत उभे राहून, हात लांब करून कूलरच्या मागच्या जाळीतून पाइप आत धरून होते. नजर रस्त्याकडं. कूलर काठोकाठ भरला होता आणि मागच्या बाजूनं पाणी शांतपणे खाली छज्ज्यावर सांडत होतं. छज्ज्याचा उतार भिंतीकडं बसलेला होता. पाणी खाली रस्त्यावर पडलं असतं तर चार लोकांनी ओरडून सांगितलं असतं. ते रस्त्यावर पडत नव्हतं. ते सरळ हॉलच्या भिंतीत जात होतं.

मामांबद्दल थोडं सांगायला हवं. या घरात पाण्याचा दिवस म्हणजे मामांचा दिवस होता. नळ कधी सुटणार याची खबर तेच काढायचे, हौदाचं झाकण तेच उघडायचे, मोटरच्या पेटीची किल्ली जानव्यासारखी त्यांच्या गळ्यात असायची. त्याच वर्षी थंडी सरत असताना एकदा मोटर चालू ठेवून ते झोपी गेले आणि टाकी वरून वाहिली. गल्लीतून पाणी वाहत गेलं. आमच्याकडं लोक एक वेळ दागिना हरवला तर समजून घेतील, वाहून गेलेलं पाणी समजून घेत नाहीत. समोरची बाई म्हणाली, "तुमच्याकडं लई झालंय वाटतं पाणी, आम्हाला द्या थोडं." त्याच संध्याकाळी दिरांनी सगळ्यांसमोर मामांच्या गळ्यातली किल्ली काढून घेतली. "आता तुम्ही फक्त बसायचं, दादा," असं म्हणाले. वडिलांना ते दादा म्हणायचे. जाऊबाई पण म्हणाली, "व्हय मामा, लई केलं तुम्ही. आता नगा करू." त्यात वाईट कोणाचं काही नव्हतं. पण त्यानंतर पाणी यायचं त्या दिवशी मामा सकाळपासून अंघोळ करून, कपडे घालून बसायचे आणि कोणी त्यांना काही करू द्यायचं नाही. कूलर तेवढा राहिला होता. तो त्यांच्याच खिडकीचा, म्हणून त्यांनाच भरू दिला होता. रोज बादलीनं अर्धा भरायचे आणि पाण्याच्या दिवशी पाइपनं पूर्ण.

भरला कसा कळतो, असं मी एकदा सहज विचारलं होतं. "पाणी पडायला लागलं की आवाज येतो," ते म्हणाले होते. पाणी पडत होतं. आवाजही येत होता, मला आत खोलीत येत होता. त्यांना येत नव्हता. कानानं त्यांना कमी यायला लागलं आहे हे आम्हाला माहीत होतं. टीव्ही मोठा लावायचे. पण टीव्ही मोठा लावतात एवढ्यावरच आम्ही ते सोडून दिलं होतं.

मी गॅलरीत जाऊन नळ बंद केला. ते दचकले.

"मामा, सांडतंय."

त्यांनी वाकून बघितलं.

"कधीपासनं?"

"बरेच दिवस झाले असतील. खाली हॉलमध्ये हेच उतरतंय वाटतं."

"पोरीच्या साखरपुड्याची भिंत?"

"हो."

त्यांनी पाइप गुंडाळला. व्यवस्थित, नेहमीसारखा, कोपर आणि पंजामध्ये धरून. मग म्हणाले, "जा, सांग खाली. म्हणावं आता कूलर पण काढून घ्या. मी बसतो टीव्ही बघत. तेवढं येतं मला."

ते चिडून म्हणाले असते तर मी खाली जाऊन सांगितलं असतं. ते हिशेब सांगावा तसं म्हणाले. मी म्हटलं, "सांगायची गरज नाही. तुम्ही भरा. मी खिडकीत उभी राहीन, भरला की हात करीन. तेव्हा बंद करायचं."

"तू काय दर वेळी सुट्टी काढणार आहेस?"

"उशिरा जाईन. दवाखान्यात पहिला तास कोणी येत नाही."

हे खोटं होतं. पहिल्याच तासात जास्त गर्दी असते.

खाली जाताना मी काय सांगायचं ते ठरवून गेले होते. सापडलं आहे, बंद केलं आहे, आता भिंत वाळेल. एवढंच. खाली जाऊबाई हॉलमध्ये वर्तमानपत्र अंथरून शेवया मोडून डब्यात भरत होती. मी सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम.

"देवच पावला बाई. काय व्हतं पण?"

मी म्हटलं, "मशीनचीच नळी. मागून चिरली होती, दिसत नव्हती. बदलून घेते."

मला वाटलं होतं की मशीन म्हणजे वस्तू. वस्तूवर टाकलं की कोणाला लागणार नाही. नुकसान आमच्या मशीननं केलं तर ते आमचं, मी भरून देईन, भिंतीला पुट्टी लावून देईन, विषय संपला. मी झटपट काम करणारी बाई आहे आणि त्या दिवशीही झटपट उत्तर दिलं.

जाऊबाईचे हात थांबले.

"म्हणजे मागच्या पाण्याला लावली होतीस मशीन."

मी वर्तमानपत्रावर सांडलेल्या शेवया गोळा करायला लागले.

"तेव्हा डाग दोन बोटं खाली आला व्हता. मशीन बंद असंल तर कशानं आला?"

आता मागं फिरायचं म्हणजे मामांचं नाव घ्यायचं. दीर आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं.

"थोडी लावली होती," मी म्हटलं. "युनिफॉर्म होते."

"मी तोंडावर विचारलं होतं तुला. दोनदा विचारलं."

"हो."

"लावली म्हणायचं ना मग. मी काय खाल्लं असतं का तुला?"

ती पुन्हा शेवया मोडायला लागली. मला वाटलं होतं ती ओरडेल, चार शब्द सुनावेल. तिला ते येतं. ते झालं असतं तर पुढच्या पाण्यापर्यंत मिटलं असतं. तिनं आवाज चढवला नाही.

भिंत वाळली. दिरांनी जुना रंग खरवडून, पुट्टी भरून, नवा रंग लावून घेतला. साखरपुडा घरातच झाला. मखमली पडदा लागला, त्याच्यापुढं मुलगा-मुलगी बसले, फोटो निघाले. भिंतीचा कोणाला पत्ताही लागला नाही. मी दिवसभर राबले. पाहुण्यांच्या बायकांची ओटी भरणं, चहा, नाश्ता, सगळं बघितलं. जाऊबाई मला अधूनमधून कामं सांगत होती.

"तेवढा ट्रे बाहेर न्या. तुम्ही जेवून घ्या आता."

आधी मला वाटलं पाहुण्यांसमोर म्हणून अहो-जाहो करतेय. पाहुणे गेल्यावर भांडी आवरतानाही ते तसंच राहिलं. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्या दिवसापासून तिनं मला तू म्हटलं होतं. त्या दिवसापासून तुम्ही झालं. त्यात कुठं चूक काढता येत नाही. माणसं मान देतात त्याला नको म्हणता येत नाही.

मामा त्या उन्हाळ्यात शेवटपर्यंत कूलर भरत राहिले. मी खिडकीत उभी राहायची आणि हात करायची. त्यांना नीट दिसायचं. एकदा त्यांनी मला विचारलं, "खाली काय सांगितलंस?" मी म्हटलं, "नळी चिरली होती म्हणून." ते म्हणाले, "बरं केलंस." मग थोड्या वेळानं, "ती काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही." ते समाधानानं कूलर लावून पडले. त्यांना पुढचं सांगून काय करायचं होतं?

पावसाळा संपल्यावर दिरांनी गच्चीवर दुसरी टाकी बसवली. अंगणातल्या नळाला दुसरा फाटा काढला, मोटर वेगळी केली. कारण विचारलं तर म्हणाले, मुलगी लग्न होऊन सासरी गेली, आम्हाला पाणी आता कमी लागतं, तुम्हाला जास्त लागतं, उगाच ताण नको. हे बरोबरच होतं. हिशेबानं बघितलं तर आधीच करायला हवं होतं. आता पाण्याच्या दिवशी ती तिची मोटर लावते, मी माझी. खालून हाक येत नाही. माझं काम पूर्वीपेक्षा लवकर संपतं.

मामा पुढच्या थंडीत गेले. छातीत कफ झाला, दवाखान्यात चार दिवस ठेवलं, घरी आणलं आणि गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले. मी मनाशी म्हटलं की आता अडचण काही राहिली नाही. ज्याच्यासाठी ते झाकलं तो माणूसच नाही. आता ते सांगून टाकायचं म्हणजे एक काम संपेल.

एका रविवारी दुपारी मी खाली गेले. दीर बाहेर गेले होते. जाऊबाई एकटी होती. मी बसले आणि सरळ सांगितलं. कूलर, पाइप, छज्जा, मामांचे कान, किल्ली काढून घेतली ते. मशीन मी त्या पाण्याला लावलंच नव्हतं हेही सांगितलं. मध्ये थांबले नाही. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

मला वाटत होतं ती एकतर रडेल, नाहीतर म्हणेल की मूर्ख आहेस, तेव्हाच का नाही सांगितलंस. दोन्हीला माझी तयारी होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "गेलेल्या माणसावर कशाला टाकता?"

"टाकत नाही, ताई. खरं सांगतेय."

"तेव्हा पण खरंच सांगत होता तुम्ही. आधी नाय म्हणालात, ते खरं. मग लावली म्हणालात, ते पण खरं. आता हे." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी काय धरून बसली नाय. इतक्या लहान गोष्टीचं कोण धरून बसतं? म्हाताऱ्याचं नाव नगा घेऊ फक्त. लई जीव लावला त्यांनी मला."

मी म्हणणार होते की मामांवर माझाही जीव होता. म्हणूनच तर हे सगळं झालं. पण त्यानं सिद्ध काय झालं असतं? बघणारं दुसरं कोणी नव्हतं. नवऱ्यालाही मी सांगितलेलं नव्हतं. एक माणूस साक्ष देऊ शकला असता आणि त्याचा फोटो हार घालून तिच्याच हॉलमध्ये, त्याच भिंतीवर लावलेला होता. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तीन वेळा तीन गोष्टी सांगणाऱ्या बाईला मी रांगेत शेवटी बसवते.

मी उठायला लागले.

"बसा ना," ती म्हणाली. "चहा टाकते."

ती आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा आला. मग तिनं आतूनच विचारलं, "तुम्हाला साखर किती लागते?"

खाली आले की माझा चहा इतकी वर्षं तिनंच केला होता.

मी सांगितलं, "अर्धा चमचा."